नक्षी कोणाची? थरांच्या लाकडी शोभेवस्तूचा इतिहास

आज आपण एका छोट्या वस्तूचा इतिहास ऐकणार आहोत. वस्तू तुमच्या ओळखीची आहे. गणपतीच्या आधी बाजारात पातळ लाकडाची, जाळीदार नक्षीची मखरे येतात. दिवाळीत तसेच आकाशकंदील येतात, पणत्यांचे स्टँड येतात. डिसेंबरात शहरातल्या दुकानांत नाताळच्या झाडाला टांगायचे लाकडी तारे आणि घंटा दिसतात. नीट पाहिले तर त्यातल्या कित्येक वस्तू एका फळीच्या नसतात. तीन-चार पातळ फळ्या एकावर एक चिकटवलेल्या असतात. मागे डोंगर, त्यापुढे झाडे, त्यापुढे घर आणि सर्वात पुढे माणसे. तळहाताएवढ्या जागेत अख्खे गाव मावते.

हे काम आता बचत गटांकडेही येते. शहरातला व्यापारी कापलेले तुकडे पोत्यात भरून पाठवतो. बाया ते घासतात, रंगवतात, चिकटवतात, पिशवीत भरतात आणि नगावर मजुरी घेतात. घर सांभाळून होण्यासारखे काम आहे, चार पैसे हातात येतात. पण आम्ही समन्वयक गावोगावच्या बैठकांना बसतो तेव्हा एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. हात आपले, डोळे आपले, मग भाव ठरवणारा दुसराच कसा?

हा प्रश्न आजचा नाही. तो किमान साडेचारशे वर्षांचा आहे, आणि जिथे या वस्तूचे मूळ आहे तिथल्या बायांनीही तो भोगलेला आहे. म्हणून आज जरा लांब, जर्मनीला जाऊन येऊ.

जर्मनीच्या पूर्वेला, चेक देशाच्या सीमेवर, सॅक्सनी नावाचे राज्य आहे. तिथल्या डोंगररांगेला एर्ट्सगेबिर्गे म्हणतात. अर्थ अगदी सरळ आहे, खनिजाचे डोंगर. ११६८ साली तिथे चांदी सापडली आणि लोक कुदळ-फावडे घेऊन धावले. पुढे कथील, तांबे अशाही खाणी निघाल्या. आज हा सगळा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

त्या डोंगरात आनाबेर्ग नावाचे गाव आहे. तिथे सोळाव्या शतकात बार्बारा उटमान नावाची बाई होऊन गेली. नवरा १५५३ साली वारला. पदरात बरीच मुले होती. बाईने नवऱ्याचा खाणीचा धंदा पुढे चालवला आणि जोडीला गोटा-किनार, लेस यांचा व्यापार उभा केला. तिच्या हाताखाली ९०० पर्यंत बाया काम करत होत्या असे सांगतात. खाणीचे काम कमी झाले की घरातली चूल या विणकामावर पेटायची. आनाबेर्गच्या बाजारचौकात आजही तिचा पुतळा आहे.

बाई कर्तबगार, यात शंका नाही. पण मैत्रिणींनो, पुतळा एकीचा आहे आणि विणणाऱ्या शेकड्यांनी होत्या. त्या काळची रीत अशी होती की व्यापारी सूत देई, कसे विणायचे ते सांगे आणि तयार माल मोजून घेई. मजुरी नगावर. विणणारीच्या बोटांत सगळी कला होती, पण नमुना तिचा नव्हता आणि गिऱ्हाईकही तिचे नव्हते. ही रीत लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत ती आपल्याला भेटणार आहे.

आता उजेडाकडे येऊ. खाणकाम करणारा माणूस हिवाळ्यात पहाटे अंधारात खाली उतरे आणि वर येई तेव्हा सूर्य मावळलेला असे. कित्येक दिवस ऊन म्हणून दिसतच नसे. त्यामुळे त्या मुलखात नाताळचा सण म्हणजे आधी उजेडाचा सण झाला. खिडकीत मेणबत्त्या लावायच्या, म्हणजे घरी परतणाऱ्याला लांबून घर दिसावे. घरात जितके मुलगे तितके मेणबत्ती धरलेले लाकडी खाणकामगार खिडकीत उभे करायचे आणि जितक्या मुली तितके देवदूत, अशीही रीत होती. रस्त्याने जाणाऱ्याला दिवे मोजून कळायचे की या घरात मुली किती आणि मुलगे किती. मुलीच्या नावाचा दिवाही खिडकीत लागत होता, हे आम्हाला विशेष वाटते.

त्याच मुलखात मेणबत्त्यांची एक कमान तयार झाली. तिला श्विबबोगेन म्हणतात. अर्धगोल कमान, वर ओळीने मेणबत्त्या आणि कमानीच्या पोटात चित्रे. माहीत असलेली सर्वात जुनी कमान १७४० सालची आहे आणि ती धातूची आहे. लोहाराने घडवायची वस्तू ती. लाकडाची पाळी नंतर आली.

लाकूड आले ते खाणी आटल्यामुळे. झायफेन नावाचे एक गाव कथलाच्या खाणींवर जगत होते. खाणीतून मिळेनासे झाले तसे लोक लाकडाकडे वळले. जंगल भरपूर होते आणि खाणीची यंत्रे फिरवणारे ओढ्याचे पाणी आता लाकूड कातायची चाके फिरवू लागले. १८४९ साली तिथली खाण कायमची बंद झाली, तोवर गाव खेळण्यांचे झालेही होते.

त्यांनी एक अजब युक्ती शोधली. ओल्या लाकडाची गोल चकती कातावर चढवायची आणि आतून-बाहेरून अशी खाचवायची की तिचे मोठे कडे तयार व्हावे. कडे पाहून काही समजत नाही. पण ते कलिंगडाच्या फोडींसारखे उभे चिरले की प्रत्येक फोड म्हणजे एक घोडा, एक गाय किंवा एक मेंढी! एकाच कड्यातून डझनांनी जनावरे निघत. मग ती घरोघर जात. कान-शेपटी चिकटवायची, कोपरे घासायचे, रंग द्यायचा. हे काम बाया आणि मुले करत. रात्री दिव्याखाली सगळे घर बसे. माल व्यापारी उचलत आणि भावही तेच ठरवत. खेळणी युरोप-अमेरिकेत पोहोचली, पण ज्या घरात ती रंगली तिथली गरिबी हटली नाही. मुलांचे डोळे आणि पाठी गेल्या त्या वेगळ्याच.

इथे जरा थांबून विचार करा. कातारी कुशल, रंगवणाऱ्या कुशल, माल जगभर मागणीचा. मग पैसा अडला कुठे? नमुना आणि बाजार या दोन ठिकाणी अडला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणखी एक गोष्ट झाली. बारीक पात्याची, नक्षी कापायची करवत स्वस्त झाली. धनुष्यासारखी चौकट, तिच्यात केसासारखे पाते. पायाने चालवायची, शिलाई मशीनसारखी, तीही निघाली. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत घरोघरी लोक पातळ फळ्यांवर जाळी कापू लागले. १८९५ साली इंग्लंडमध्ये 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक सुरू झाले. त्यासोबत नक्षीचा छापील कागद मिळे. कागद फळीवर चिकटवायचा आणि रेषेवरून करवत फिरवायची. म्हणजे करवत घरोघरी गेली तरी धंदा करणाऱ्यांनी काय विकले? पाती विकली, फळ्या विकल्या आणि नमुने विकले. नक्षीचा कागद हाच माल झाला.

याच काळात एर्ट्सगेबिर्गेमध्ये दोन मुलींनी वेगळा रस्ता धरला. ग्रेटे व्हेंट आणि मार्गारेटे क्यून अशी त्यांची नावे. दोघी ड्रेस्डेन शहरातल्या कलाशाळेत शिकलेल्या. त्या काळी मुलींना अशा शिक्षणाची दारे नुकती कुठे उघडत होती. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, दोघींनी ग्रुनहाइनिखेन या गावात स्वतःची कार्यशाळा काढली. लाकूड तेच, काताचे काम तेच, रंगही हातानेच द्यायचे. फरक एवढाच की चित्र दोघींचे होते. कोणी व्यापारी येऊन "असे करा" म्हणणार नव्हता.

पुढे क्यून लग्नानंतर कामातून बाहेर पडली आणि ऑली झोमर नावाची चित्रकार आली. ती पुढे व्हेंटची भावजय झाली. नणंद-भावजयीच्या त्या जोडीने कार्यशाळा नावारूपाला आणली. १९२३ पासून त्यांनी वाद्ये वाजवणारे छोटे देवदूत केले. हिरवे पंख आणि त्यावर पांढरे अकरा ठिपके. हे अकरा ठिपकेच त्यांची खूण झाली. मोजून अकरा, ना दहा ना बारा. आज शंभर वर्षांनीही गिऱ्हाईक ठिपके मोजून अस्सल माल ओळखतो. १९३७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. मधल्या काळात, १९७२ साली, पूर्व जर्मनीच्या सरकारने कार्यशाळा ताब्यात घेतली. १९९० साली ती पुन्हा घराण्याकडे आली. मालक बदलले, राज्य बदलले, नमुना टिकला. रंगाचे काम अजून हातानेच होते.

त्याच १९३७ साली कमानीच्याही नशिबाला एक बाई आली. श्वार्त्सेनबेर्ग गावात हस्तकलेचे प्रदर्शन भरणार होते. त्यासाठी मोठी कमान हवी होती. चित्र काढले पाउला योर्डान नावाच्या चित्रकार बाईने. तिने कमानीत दोन खाणकामगार उभे केले, लाकूड कोरणारा बसवला आणि लेस विणणारी बाई बसवली. त्या मुलखाची पोटापाण्याची तीन कामे एका कमानीत आली. बार्बाराच्या काळात जिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही ती विणणारी बाई आता उजेडात आली. हे चित्र इतके आवडले की पुढे पातळ फळीतून कापलेल्या लाकडी कमानी घरोघरी खिडकीत दिसू लागल्या. मग एका फळीमागे दुसरी फळी आली, मध्ये दिवा आला आणि थरांचे गाव तयार झाले. आपल्या बाजारात येणाऱ्या थरांच्या लाकडी देखाव्यांची ही सर्वात जवळची आजी म्हणायला हरकत नाही.

आता करवतीची जागा किरणाने कशी घेतली ते पाहू, कारण इथे आपल्या मातीतला एक माणूस येतो.

लेसर म्हणजे एकाच दिशेने, एकाच लयीत चाललेला उजेड. भिंगातून ऊन एका बिंदूवर धरले की कागद जळतो हे आपण लहानपणी केले आहे. तसेच, पण कितीतरी पट तीव्र. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून चालवला. पण तो लाकूड कापायच्या कामाचा नव्हता. लाकूड कापणारा लेसर कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो आणि तो १९६४ साली शोधला चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी. या पटेलांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीचा! पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि तिथल्या बेल प्रयोगशाळेत वयाच्या पंचविशीत त्यांनी हा शोध लावला. या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. लाकूड, कागद, कापड, चामडे तो चटकन शोषून घेतात आणि त्या रेषेवर जळून जातात. सुरुवातीला त्याची शक्ती अगदी थोडी होती. वायूंचे मिश्रण बदलल्यावर ती कितीतरी पटींनी वाढली.

१९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादाचा पत्रा कापून दाखवला. त्यानंतर कारखान्यांतल्या पहिल्यावहिल्या कामांपैकी एक होते प्लायवूडचे. पुठ्ठ्याचे खोके कापायच्या साच्यात पाती बसवायला प्लायवूडमध्ये बारीक खाचा लागतात, त्या लेसरने होऊ लागल्या. तेव्हाची यंत्रे अवाढव्य आणि महाग होती. आज तालुक्याच्या ठिकाणी पाट्या आणि ट्रॉफी करणाऱ्याच्या गाळ्यातही लेसर यंत्र दिसते. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरांसाठी लोक पुठ्ठ्याकडे आणि लाकडाकडे वळले. आपल्याकडे हे काम वाढायचे तेही एक कारण.

म्हणजे कापायचे कौशल्य आता यंत्रात गेले. ज्या जाळीला पूर्वी कारागिराचा दिवस जायचा ती काही मिनिटांत होते. मग माणसाकडे काय राहिले? आधी नक्षी आणि नंतर जोडणी. म्हणून नक्षी कशी होते ते थोडक्यात सांगतो.

प्रथम कागदावर चित्र काढा आणि ठरवा की काय मागे, काय पुढे. मागचा थर अखंड ठेवा, तोच बाकीच्यांना धरतो. पुढच्या प्रत्येक थराला मधली खिडकी मोठी होत जाते, म्हणजे मागचे दिसते. प्रत्येक थर वेगळ्या कागदावर काढा, पण बाहेरची कड सगळ्यांची एकच.

दुसरी गोष्ट सांध्यांची. रांगोळीचा छाप आठवा. फुलाच्या मधला गोल बाजूच्या पट्टीने धरलेला नसेल तर तो गळून पडतो. इथेही तसेच आहे. झाडाची फांदी, चंद्र, पक्षी, प्रत्येक गोष्ट कुठेतरी कडेला किंवा शेजारच्या आकाराला चिकटलेली हवी. सांधा फार नाजूक केला तर वस्तू पहिल्याच प्रवासात मोडते.

तिसरी गोष्ट मापाची. करवत लाकूड खाते तसा किरणही खातो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. एकात एक बसणारे तुकडे असतील तर तेवढे माप धरावे लागते. बहुतेक काम ३ मिलिमीटरच्या प्लायवूडवर किंवा एमडीएफवर होते. संगणकावर रेषा चढवताना एक रंग कापायचा आणि दुसरा रंग नुसता कोरायचा, असे यंत्राला सांगतात.

कापण्याआधी फळीवर कागदी चिकटपट्टी लावली तर धुराचे डाग पडत नाहीत. रंग थर सुटे असतानाच द्या, मागे गडद आणि पुढे फिका किंवा उलट, म्हणजे खोली उठून दिसते. मग मागून पुढे चिकटवत या आणि वजनाखाली दाबून ठेवा.

आणि जीव सांभाळा. चालू यंत्र सोडून कोणी चहाला जायचे नाही, लाकूड पेट घेऊ शकते. धूर बाहेर काढणारा पंखा हवाच. एमडीएफ घासताना नाकाला फडके बांधा. पीव्हीसी, म्हणजे पाइपचे प्लॅस्टिक आणि पुष्कळसे रेक्झिन, लेसरखाली कधीही घालू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि यंत्रही गंजते.

आता मूळ प्रश्नाकडे. नक्षी आपली असेल तर ती आपलीच राहील का? कायदा काय म्हणतो ते ऐका. आपण काढलेल्या चित्रावर कॉपीराइट आपोआप मिळतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमात एक मेख आहे. ज्या नक्षीची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, तिच्या वस्तू यंत्राने पन्नासपेक्षा जास्त काढल्या की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास म्हणजे एका प्रदर्शनाचा माल! नोंदणी २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली पेटंट कार्यालयाकडे होते. ती दहा वर्षे चालते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र नक्षी नवी हवी आणि अर्ज करण्याआधी ती लोकांसमोर आलेली नसावी. म्हणून आधी अर्ज आणि मग स्टॉल. फोनवर फोटो टाकायची घाईसुद्धा नको.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लक्षात ठेवू. दुसऱ्याची नक्षी उचलून आपण मोठ्या होणार नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ती आदिवासी बांधवांची कमाई आहे. ती नुसती उतरवून लेसरला घालण्यापेक्षा आपल्या गावचा वाडा, आपली वेस, बैलपोळ्याचा बैल, आषाढीची दिंडी, भोंडल्याचा फेर, हे कोणी कापले आहे का ते पाहा. थरांत मांडायला यासारखे विषय कुठे मिळतील?

मजुरीचे काम सोडा असे आम्ही म्हणत नाही. ज्या घराला आज पैशाची गरज आहे तिने नगावरचे काम जरूर करावे आणि दर विचारून, लिहून घ्यावा. पण त्या कामाच्या जोडीने गटाची एक तरी नक्षी असू द्या. यंत्र विकत घ्यायचीही घाई नको. कापून देणारे भाड्याने कापून देतात. चित्र काढणारी बाई मात्र भाड्याने मिळत नाही, ती गटातच शोधावी लागते. रांगोळी काढणारी, मेंदी काढणारी, गोधडीला टाके घालणारी, यांच्यातच ती बसलेली आहे.

पुढच्या मासिक बैठकीत एवढे करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तीन थर कापा आणि एक देखावा जोडून पाहा. काढणारीचे नाव आणि तारीख इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. नक्षी विकली गेली तर काढणारीचा हिस्सा किती आणि गटाचा किती, हेही त्याच दिवशी ठरवा. पैसा आल्यावर ठरवायला बसलात तर भांडण होते, आधी ठरवले तर नियम होतो.

आनाबेर्गच्या त्या शेकडो बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत तेवढी जागा नक्की आहे. पुढच्या भागात डिझाइन नोंदणीचा अर्ज कसा भरायचा ते सांगू. नमस्कार.